धाडस काय फक्त बुडापेस्टलाच पिकतं?

वह्या परत घेऊन जा. सगळ्या. एकाही वहीवर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही.

हाना सेनेशवर लिहून आणा म्हटलं होतं. काय आणलंत? मोबाईलवरून उतरवलेली तीच तीच वाक्यं. ‘ती एक थोर वीरांगना होती.’ ‘तिच्या त्यागाला कोटी कोटी प्रणाम.’ ‘आपण तिच्यापासून प्रेरणा घेतली पाहिजे.’ अरे, कुणी घेतली प्रेरणा? कधी घेतली? घेऊन ठेवली कुठं? एकानं तिचं जन्मसाल चुकवलं आणि ती चूक मागच्या बाकापर्यंत जशीच्या तशी पोचली. चूक उतरवतानासुद्धा डोकं वापरायचं नाही, असं ठरवून बसला होतात का?

तरी नक्कल मी एकवेळ पोटात घातली असती. शेवटच्या प्रश्नाचं काय? मी विचारलं होतं, असं धाडस आज आपल्या गावात कुठं लागेल? त्याखाली बहुतेकांनी लिहिलंय, ‘आता देश स्वतंत्र आहे, त्यामुळे अशा धाडसाची गरज नाही.’ कुणी लिहिलंय, ‘ती परदेशातली, तिची परिस्थिती वेगळी.’ कुणी लिहिलंय, ‘आम्ही लहान आहोत, आमचं कोण ऐकणार?’ एकीनं तर जागाच कोरी सोडली. तिचा मला त्यातल्या त्यात कमी राग आला. निदान खोटं तरी लिहिलं नाही.

मठ्ठ असतात तर मी इतकं बोलले नसते. तुम्ही मठ्ठ नाही, हीच तर माझी तक्रार आहे. पीकविम्याचा अर्ज कधी बंद होतो, हे अख्ख्या गल्लीला तुम्ही सांगता. बापाचा सातबारा, आजीचं श्रावणबाळचं पेन्शन, बहिणीची शिष्यवृत्ती, सगळं बोटावर. पोरींनो, आईच्या बचत गटाचं पासबुक तुम्ही लिहिता; रुपयाचा फरक पडला तर झोपत नाही. बँकेच्या साहेबाशी बोलताना जीभ चालते. तलाठ्यापुढं चालते. मग जिथं ती खरी चालायला हवी, तिथंच दातखीळ का बसते?

आता नीट ऐका. उतरवून घेऊ नका, ऐका.

हाना सेनेश १७ जुलै १९२१ ला बुडापेस्टला जन्मली. घर ज्यू. बाप नाटककार. तो गेला तेव्हा ती सहा वर्षांचीही नव्हती. घरात आई, भाऊ आणि ती. तेराव्या वर्षापासून डायरी लिहायची. तुमच्यातले किती जण रोज चार ओळी लिहितात? नका सांगू. शाळा ख्रिस्ती मंडळींची. ज्यू मुलींना तिथं जास्त फी पडायची. पोरगी हुशार होती. शाळेच्या साहित्य मंडळाच्या पदावर मुलींनीच तिला निवडून दिलं. मग सांगण्यात आलं की हे पद ज्यू मुलीला मिळणार नाही, निवडणूक पुन्हा घ्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर खाली बसवलं. तुमच्यातल्या एखाद्याला वर्गाचा मॉनिटर केला नाही तर आठवडाभर तोंड फुगलेलं असतं, नंतर वर्षभर अभ्यास न करायला ते कारण पुरतं. ‘माझ्यावर अन्याय झाला.’ तिच्यावरही झाला होता. तिनं तो कुरवाळत ठेवला नाही.

१९३९ साली ती एकटी पॅलेस्टाईनला गेली. वय अठरा. नहलाल गावच्या शेतकी शाळेत शिकली. लेखकाची मुलगी तिथं कोंबड्या पाळायला शिकली, पुढं समुद्रकाठच्या सदोत याम नावाच्या सामुदायिक वस्तीत राहायला गेली आणि तिथं स्वयंपाकघरात आणि धुण्याच्या खोलीत राबली. तिला ते सोपं गेलं नाही. आपल्या शिक्षणाचं काय झालं, हा प्रश्न तिलाही पडायचा. पण ती सुरक्षित होती, हे ध्यानात घ्या. युरोप जळत होता आणि ती त्या आगीच्या बाहेर होती. भाऊही बाहेर पडण्याच्या वाटेवर होता. कपडे धुवत बसली असती तर कुणी तिला बोट लावलं नसतं. कुणी भेकडही म्हटलं नसतं.

१९४३ मध्ये तिनं आपण होऊन नाव दिलं. ब्रिटिश सैन्य असे लोक शोधत होतं, जे विमानातून छत्रीनं शत्रूच्या मुलखात उतरतील, पडलेल्या वैमानिकांना सोडवतील, बिनतारी यंत्रावरून खबर देतील. तिला आणि तिच्या सोबत्यांना आणखी एक काम करायचं होतं, तिथल्या ज्यूंना वाचवायचं. पॅलेस्टाईनमधून असे तीसेक जण गेले. सात जिवंत परतले नाहीत. मार्च १९४४ मध्ये ती युगोस्लाव्हियात उतरली. तिथल्या बंडखोरांबरोबर डोंगरात राहिली. आणि उतरून आठवडाही झाला नाही तोच १९ मार्चला जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या.

इथं थांबा. इथंच तुमची आणि तिची वाट वेगळी होते.

सोबतचे शूरच होते. तेही विमानातून उडी मारून आले होते. त्यांनी म्हटलं, आता सरहद्द ओलांडणं म्हणजे मरण, थांबू या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण कारण तयार होतं, खरं होतं, आणि सगळ्यांच्या तोंडून आलेलं होतं. अशा कारणाची तुम्ही वाटच बघत असता. कुणीतरी मोठा म्हणाला ना ‘राहू दे’, की सुटलो! मग रात्री झोप लागते. मनाला सांगता येतं की मी जाणारच होतो, पण सगळे नको म्हणाले. हे ‘सगळे नको म्हणाले’ तुमच्या किती कामी आलंय, मोजा एकदा घरी बसून.

ती गेली. जूनमध्ये सरहद्द ओलांडली आणि जवळजवळ लगेच पकडली गेली. बिनतारी यंत्र सापडलं. त्या यंत्राची सांकेतिक लिपी त्यांना हवी होती. लिपी हातात आली असती तर खोटे निरोप पाठवून मागच्या कित्येकांना जाळ्यात ओढता आलं असतं. मारहाण झाली, दात पडला. ती बोलली नाही. मग त्यांनी आईला आणलं. ती बिचारी समजत होती की आपली लेक दूर पॅलेस्टाईनमध्ये सुखरूप आहे. दार उघडलं आणि समोर सुजलेल्या तोंडाची हाना. धमकी दिली, बोल, नाहीतर तुझ्यासमोर हिचे हाल करतो.

ती बोलली नाही.

आईचं नाव पुढं करून तुम्ही कायकाय टाळता, ते मला ठाऊक आहे. ‘घरचे नाही म्हणतात.’ ‘आई रागावेल.’ विचारलं होतं का आईला? एकदा तरी? तोंड उघडायच्या आतच आईचा नकार तुम्ही स्वतः ठरवून टाकता आणि तिच्या पदराआड लपता. त्या माउलीला पत्ताही नसतो.

तुरुंगात ती काय करत होती, हे एकाही वहीत नाही. का नाही? कारण मोबाईलवर वर आलेल्या पहिल्या चार ओळींत ते नसतं. एकांत कोठडीत होती. कागदाची अक्षरं कापायची आणि खिडकीत एकेक धरून समोरच्या कोठड्यांतल्या कैद्यांशी बोलायची. आरशाच्या तुकड्यावर ऊन घेऊन खुणा करायची. बाहेरची खबर आत पसरवायची, खचलेल्यांना धीर द्यायची. ऑक्टोबरच्या शेवटी खटला चालला. निकाल लांबणीवर पडला. ७ नोव्हेंबरला अधिकारी कोठडीत आला, मरणाची शिक्षा सांगितली आणि विचारलं, दयेचा अर्ज करणार का? नाही म्हणाली. त्याच दिवशी गोळ्या घातल्या. डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही. वय तेवीस.

आता मागच्या बाकावरून जो प्रश्न येणार, तो मीच विचारते. मग उपयोग काय झाला? वाचवले किती?

हंगेरीत गेल्यावर तिच्या हातून एकही माणूस सुटला नाही. खरं ते खरं. ती आधी सरहद्दीपलीकडं आणि मग कोठडीत होती त्याच दिवसांत, १९४४ च्या मे ते जुलैमध्ये, हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यूंना गाड्यांत भरून नेलं, बहुतेकांना आउशवित्झच्या छळछावणीत. ती एक गाडी थांबवू शकली नाही. तरी तिचं नाव राहिलं. आधी हिशेब, मग पाऊल, असं ती वागली नाही म्हणून राहिलं. तुम्ही उपयोग आधी विचारता. ‘तक्रार करून काय होणार?’ ‘एकटीनं बोलून काय फरक पडणार?’ हा प्रश्न तुम्ही उत्तरासाठी विचारतच नाही. न करण्यासाठी विचारता. खरंच उत्तर हवं असतं तर करून बघितलं असतं.

कुणीतरी लिहिलंय, ‘ज्यू हे परदेशी लोक असल्याने आपल्याला त्यांची जास्त माहिती नाही.’ माहिती नसेल तर मिळवायची असते, ती नसल्याचं प्रमाणपत्र मिरवायचं नसतं. अलिबागच्या आसपासच्या गावांत शेकडो वर्षं ज्यू राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. घरात मराठी बोलायचे. आडनावं गावांवरून, आपल्यासारखीच. पुढं त्यातले पुष्कळ इस्रायलला गेले आणि तिथं जाऊनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. तिकडं मराठी टिकवायला माणसं धडपडली, आणि तुम्हाला इकडं मराठीत चार स्वतःची वाक्यं लिहायला जड जातंय.

बरं, परदेश सोडा. ‘देश स्वतंत्र आहे, आता गरज नाही’ लिहिणाऱ्यांनो, उभे राहा.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी आपलं गाव, हे चारठाणा, स्वतंत्र झालं का? परभणी झालं? नाही. तुमच्या पणजोबांच्या डोक्यावर निजाम बसलेला होता. दिल्लीत तिरंगा फडकला आणि इथं तिरंगा हातात घेणं गुन्हा होता. पुढचे तेरा महिने हैदराबाद संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं जाणारी माणसं तुरुंगात कोंबली गेली, कासीम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली. भारताची फौज १३ सप्टेंबर १९४८ ला आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्या तेरा महिन्यांत देश स्वतंत्रच होता की! तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं, देश सुटला, आपलंही होईल कधीतरी, आपण कशाला मधे पडायचं? असं म्हणणारेही होते. त्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत. कुणालाच माहीत नाहीत.

एका बाईचं नाव मात्र माहीत असायला हवं होतं. दगडाबाई शेळके. जालन्याच्या पुढं बदनापूर तालुका, तिथलं धोपटेश्वर. इथून एसटीनं निघालात तर संध्याकाळी परत याल. शेतकऱ्याच्या घरातली बाई. डोईवरचा पदर सोडून पुरुषाचा वेश केला, घोड्यावर बसली, रझाकारांवर हातबॉम्ब टाकले. मराठवाड्यानं तिला आपली झाशीची राणी म्हटलं. धाराशिवकडच्या गोदावरीबाई टेकाळे हातात बंदूक घेऊन रझाकारांशी लढल्या आणि पेटवलेल्या घरात जळून गेल्या. आणि ज्यांची नावं लागली नाहीत अशा किती जणी! रात्री-अपरात्री आलेल्या कार्यकर्त्याला भाकरी देणाऱ्या, माळवदावर लपवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या. एक पकडली गेली असती तर अख्खं घर गेलं असतं. यातल्या कुणी तुमच्या घरातल्या असतील. विचारलंत कधी? आजी अजून बसलीय ओट्यावर. तिला विचारायला रिचार्ज लागत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला येता. पांढरे कपडे, खिशाला बिल्ला. भाषणाला उभे राहता आणि ‘ज्ञात-अज्ञात हुतात्म्यांना अभिवादन’ म्हणून खाली बसता. अज्ञात का आहेत ते? तुम्ही शोधलं नाही म्हणून. आपल्या गावात देवळं आहेत, बारव आहे, तो उंच दगडी स्तंभ आहे. त्याला टेकून फोटो काढायला जागा पुरत नाही तुम्हाला. कुणी बांधलं, कधी बांधलं, विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघता. फोटोत मागं इतिहास पाहिजे, डोक्यात नको.

आणि हो, रझाकार म्हटलं की ज्यांची नजर लगेच शेजारच्या मोहल्ल्याकडं वळते, त्यांच्यासाठी एक नाव. शोएबुल्ला खान. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचं उर्दू वर्तमानपत्र चालवायचा. रझाकारांविरुद्ध लिहायचा, संस्थान भारतात जावं म्हणायचा. धमक्या आल्या, थांबला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याला गाठून मारलं. लिहिणारा हात तोडला. वय तिशीच्या आत. जुलमाला जात लावून मोकळं होऊ नका. तोही आळसच आहे.

आता मूळ मुद्द्याला येते. इतका वेळ तुम्ही मान डोलावत होता. आता डोलणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्याच बाकावरची मुलगी गेली. दहावीचा निकाल लागायच्या आत तिला हळद लागली. वय सोळा. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिनं हे तुम्हाला सांगितलं होतं, मला नंतर कळलं. पत्रिका छापायच्या आधी तुम्हाला माहीत होतं. सुपारी फुटली त्या दिवशी माहीत होतं. वर्गातल्या मुलींना ती रडून सांगत होती. मग काय केलंत? पोरींनो, तुम्ही तिच्या हातावर मेंदी काढलीत. पोरांनो, तुम्ही पंगतीत बुंदी वाढलीत, वरातीत नाचलात, मोबाईलवर स्टेटस ठेवलंत. ‘हॅपी मॅरीड लाईफ ताई.’ आणि त्याच हातांनी परवा हाना सेनेशला कोटी कोटी प्रणाम लिहिलात!

खाली बघू नका. माझ्याकडं बघा.

‘अशा धाडसाची गरज नाही’ म्हणता? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, २०१९ ते २१ चे आकडे आहेत. परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. राज्यात हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडं त्याच्या दुपटीहून जास्त. या वर्गातल्या मुली मोजा. अर्ध्यावर रेघ मारा. रेघेच्या कुठल्या बाजूला कोण, सांगा मला. गरज नाही म्हणे!

कारणं मला तोंडपाठ आहेत. ‘चांगलं स्थळ होतं.’ चांगलं स्थळ दोन वर्षं थांबत नसेल तर ते चांगलं कसं? ‘तिच्या घरचा मामला.’ रझाकारांनी लुटलेलं घरही दुसऱ्याचंच होतं. ‘आमच्यावर येईल.’ काय येईल? कायदा वाचलात? २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकवीसच्या आत, तर ते लग्न लावणं गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लावणारा, लावायला मदत करणारा, माहीत असून होऊ देणारा पालक, सगळे त्यात येतात. लग्न झालं तरी त्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. अंगणवाडीताई त्याच्या मदतीला. आणि १०९८ हा नंबर. रात्रंदिवस चालू, फोन फुकट, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. हे तुम्हाला शिकवलंय. भिंतीवर रंगवलंय. त्या भिंतीला टेकून तुम्ही रोज डबा खाता.

हानाला विमानातून उडी मारायची होती. तुम्हाला चार आकडे दाबायचे होते. तेवढंही झालं नाही.

आणि आता हे ऐकून घरी जाल आणि आईबापांना शिव्या घालाल, तर तेही चालणार नाही. ती सोपी पळवाट आहे. त्या मुलीचा बाप राक्षस नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन जोडीनं उसाच्या फडावर जायचं, सहा महिने घराला कुलूप. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यायची तर पाचटाच्या कोपीत, उघड्यावर. उचल घेतलेली असते, फेडायची असते. वरून गावाची तोंडं. त्याच्या जिवाला घोर आहे आणि तो घोर खरा आहे. म्हणून तर तुमची गरज आहे. त्याला जाऊन कुणी सांगितलं का की काका, कस्तुरबा गांधी विद्यालयात राहण्या-जेवणाची सोय असते, तिथं चौकशी करू? समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज मी भरून देतो? पीकविम्याचा भरता ना? मग हा का नाही भरला? तुमच्या घरी आजी असते, सहा महिने ही आमच्याकडं झोपेल, असं तुमच्यापैकी एकीला तरी आपल्या आईला विचारता आलं असतं की नाही? बोला.

मुलांनो, तुम्ही हसू नका मागं. भरतीची तयारी चाललीय तुमची. पहाटे पाचला रस्त्यावर पळता, छाती फुगवता, वर्दी घालायची आहे म्हणता. वर्दी घालून काय करणार? कमजोराला वाचवणार, असंच लिहिता ना मुलाखतीच्या तयारीच्या वहीत? वर्दी अंगात नसताना जो पंगतीत मुकाट बुंदी वाढतो, तो वर्दी चढवल्यावर अचानक शूर होतो असं वाटतं का तुम्हाला? हाना आधी शाळेतली मुलगी होती. अपमान गिळून उभं राहणं तिथंच सुरू झालं. छत्री नंतर आली. आणि तुमच्यातल्या ज्यांच्या बहिणी आहेत, त्यांनी घरी एकदा तरी तोंड उघडलंय का? ‘तायडीला शिकू द्या, तोवर मला मोटारसायकल नको,’ असं म्हणालाय का एक तरी? हे म्हणायला धाडस लागतं. डोंगर चढायला लागतं त्याहून जास्त लागतं, कारण इथं टाळ्या मिळत नाहीत.

पोरींनो, तुम्हालाही सोडणार नाही. ‘आमच्या हातात काय आहे?’ हे वाक्य तुमच्या ओठावर असतं. काही वेळा ते खरंही असतं, मला माहीत आहे. पण तुमच्या त्या मैत्रिणीच्या बाबतीत ते खरं नव्हतं. तिच्या लग्नाची पत्रिका तुमच्या हातात होती. मोबाईल तुमच्या हातात होता. मी वर्गात रोज समोर उभी होते. एकीला तरी मधल्या सुट्टीत येऊन माझ्या कानात सांगता आलं असतं. तुम्ही आला नाहीत, कारण ‘मीच का?’ असं प्रत्येकीला वाटलं. आणि रात्री प्रत्येकीनं स्वतःला समजावलं की दुसरी कुणीतरी सांगेल.

मी रागावते कारण तुमच्याकडून अपेक्षा आहे. ज्यांच्याकडून नसते त्यांच्या वह्यांवर मी मुकाट सही करून देते.

तर निबंध पुन्हा लिहायचा नाही. पुरे झाले प्रणाम. घरी जाऊन आजीला निजामाच्या वेळचं विचारा, काय सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा, शुद्धलेखनाचे गुण मी कापणार नाही. आणि दुसरं काम त्याहून तातडीचं. तुळशीची लग्नं लागली की गावात मांडव पडायला लागतील. कुणाकडं पाहुणे येऊन गेलेत, कुणाच्या घरी बोलणी चाललीत, कुठली मुलगी आठ दिवस शाळेत आलेली नाही, हे तुम्हाला माझ्या आधी कळतं. आत्ताही तुमच्यापैकी दोघी-तिघींच्या मनात एक नाव आहे, तोंडावर दिसतंय. सुपारी फुटायच्या आत माझ्याकडं या, मी तुमच्याबरोबर तिच्या घरी येते. माझ्याकडं यायची भीती वाटत असेल तर आजच १०९८ ला फोन लावा.

जा आता. वह्या घेऊन जा.